पिंपरीची गाडी चिनहटमध्ये : नवा नंबर आणि खिडकीपलीकडची माणसं

प्रश्न : पिंपरीहून माझी बदली लखनौच्या चिनहटमधल्या टाटा मोटर्सच्या कारखान्यात झाली. एमएच-१४ नंबरची, चार वर्षांची मोटार ट्रकवर चढवून सोबत आणली आहे. इथले सहकारी सांगतात, दलाल धरल्याशिवाय यूपी-३२ नंबर मिळत नाही, बाबू खिडकीवरूनच परत पाठवतात. नंबर बदलायलाच हवा का? आणि आरटीओ कार्यालयातल्या लोकांशी कसं बोलावं? — एक वाचक, चिनहट

उत्तर : आधी नंबरचं सांगतो, म्हणजे निम्मी धास्ती तिथेच उतरेल. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४६ नुसार एका राज्यातली नोंदणी सगळ्या देशात चालते. कलम ४७ म्हणतं, गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त राहिली तर तिथला नंबर घ्यावा. तेव्हा काल उतरवलेल्या गाडीचा नंबर उद्या बदलायची सक्ती नाही. मात्र गाडी लखनौत कधी आली, हे दाखवता आलं पाहिजे. वाहतूक कंपनीची बिल्टी आणि बदलीचा आदेश गाडीत ठेवा. कर हा राज्याचा विषय आहे आणि त्याची मुदत या बारा महिन्यांशी जुळेलच असं नाही. त्यामुळे मुक्काम लांबणार हे नक्की असेल, तर वर्ष संपायची वाट पाहू नका.

काम सुरू होतं पिंपरी-चिंचवडच्या कार्यालयापासून, चिनहटपासून नव्हे. तिथून ना हरकत प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी फॉर्म २८, त्यावर चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा, आरसी, चालू विमा आणि पीयूसी. कर्ज बाकी असेल तर बँकेची लेखी संमती हवी. जुनी ई-चलनं आधी भरून टाका. एखादं विसरलेलं चलनसुद्धा अर्ज अडवतं. या प्रमाणपत्रावर गाडी कोणत्या कार्यालयाकडे जाणार त्याचं नाव असतं आणि पुष्कळांची गाडी इथेच अडते. लखनौचं मुख्य कार्यालय ट्रान्सपोर्ट नगरला, कानपूर रोडच्या बाजूला, म्हणजे तुमच्यापासून शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. देवा रोडवरचं कार्यालय तुम्हाला जवळचं. तुमचा पत्ता कोणाच्या हद्दीत येतो ते परिवहन विभागाच्या पोर्टलवर आधी पाहा, तेच नाव फॉर्ममध्ये भरा. नाव चुकलं, तर लखनौचा बाबू कितीही भला असला तरी तो काही करू शकत नाही आणि तुम्ही पुन्हा पिंपरीच्या रांगेत उभे राहता.

कलम ४८ ची एक तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते. ना हरकत प्रमाणपत्राच्या अर्जावर तीस दिवसांत नकार कळवला नाही, तर ते दिलं असं कायदा मानतो. म्हणून अर्जाची पावती आणि तिच्यावरची तारीख जपून ठेवा.

आता माणसांविषयी. माझं ठाम मत आहे की खिडकीवर होणारी बहुतेक भांडणं चुकीच्या माणसाशी होतात. खिडकीतला लिपिक कागद तपासतो, संगणकावर नोंद करतो. गाडी पाहून चेसिस आणि इंजिन नंबर पडताळणारा निरीक्षक वेगळा. इथे त्याला आरआय म्हणतात. शेवटची मंजुरी एआरटीओंची, म्हणजे सहायक प्रादेशिक परिवहन अधिकाऱ्यांची. ज्याच्या हातात मंजुरीच नाही, त्याच्याशी वीस मिनिटं हुज्जत घालून काय मिळणार? त्याला विचारण्यासारखा प्रश्न एकच : माझा अर्ज आता कोणाकडे आहे आणि कोणत्या कारणाने थांबला आहे? त्याच्या पडद्यावर हे दिसतं. अर्ज क्रमांक घातला की पोर्टलवर तुम्हालाही दिसतं, तेव्हा घरून पाहूनच निघा.

कागद कमी आहे असं सांगितलं, तर शांतपणे म्हणा, "भाई साहब, क्या कमी है, इसी पर लिख दीजिए।" लेखी कारण मागणं हा तुमचा हक्क आहे आणि त्याचा गुणही येतो. तोंडी हरकती तीन असतील, तर लिहायची वेळ आली की बहुधा एकच खरी उरते. उरेल ती दुरुस्त करून त्याच माणसाकडे परत जा. दर वेळी नव्या खिडकीवर गेलात तर नवा माणूस पुन्हा पहिल्यापासून तपासेल.

एक सूचना आपल्या मराठी माणसांसाठी मुद्दाम देतो. मुंबई-पुण्याच्या हिंदीत आपण सहज "तुम" म्हणून जातो. लखनौत ते कानाला बोचतं, शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना "आप"च म्हणावं. यात लाचारी काही नाही, ही त्या गावाची रीत आहे आणि पाहुण्याने ती पाळलेली तिथे आवडते. त्या खिडकीतल्या माणसाचाही विचार करा. सकाळपासून त्याच्यासमोर अर्धवट भरलेले फॉर्म, न जुळणाऱ्या सह्या आणि चिडलेली माणसं येत असतात. तुमची फाइल क्रमाने लावलेली असेल, वर यादी असेल, झेरॉक्सवर तुमची सही असेल, तर त्याचं काम हलकं होतं. फाइलमध्ये फॉर्म २७, ना हरकत प्रमाणपत्र, मूळ आरसी, विमा, पीयूसी आणि लखनौच्या पत्त्याचा पुरावा हवा. भाडेकरार असेल तर सोबत कंपनीचं पत्रही ठेवा. गाडी तपासणीला न्यायची आहे, म्हणून चेसिस नंबर जिथे कोरला आहे ती जागा आधीच पुसून ठेवा. चिखलाने भरलेला नंबर वाचता न आल्याने परत पाठवलं, तर तो निरीक्षकाचा दोष नव्हे.

दलालाबद्दल विचारलंत. फॉर्म भरून देण्याचे पैसे घेणारा माणूस गुन्हेगार नव्हे, वेळ नसेल तर त्याची मदत घ्या. पण तो "आतले" म्हणून वेगळी रक्कम मागू लागला की तिथेच थांबा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांत तक्रार करणाऱ्यालाच सवलत आहे. शिवाय मूळ आरसी अनोळखी माणसाच्या हाती आठवडाभर सोडणं मला धोक्याचं वाटतं. सरकारी शुल्क आणि कर पोर्टलवर भरता येतात आणि त्यांची पावती तुमच्या नावाने निघते. जिची पावती नाही, ती रक्कम सरकारी नाही.

कारण न देता काम अडलंच, तर आधी एआरटीओंना भेटा, अर्ज क्रमांक आणि तारखा एका कागदावर लिहून न्या. त्यानेही हललं नाही, तर उत्तर प्रदेशची मुख्यमंत्री हेल्पलाइन १०७६ आणि जनसुनवाई पोर्टल आहे. माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्जही चालतो. अर्ज कोणत्या तारखेला कोणत्या टेबलावर होता, एवढंच विचारा. तक्रारीत माणसाला दूषणं देऊ नका, तारखा द्या.

बदल्या पुढेही होत राहणार असतील, तर बीएच मालिकेचा विचार करा. ती १५ सप्टेंबर २०२१ पासून सुरू झाली आणि डिसेंबर २०२२ च्या दुरुस्तीनंतर जुन्या नोंदणीच्या गाड्यांनाही खुली झाली. चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपनीच्या नोकरदाराला ती मिळते. कंपनीकडून फॉर्म ६० वर प्रमाणपत्र घ्यावं लागतं. कर दोन वर्षांचा किंवा त्या पटीत भरायचा आणि राज्य बदललं तरी नंबर तोच राहतो. तुमच्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागात आजच विचारा.

यूपी-३२ घेतलात, तर नंबर हाती आल्यावरही तीन कामं राहतात. विमा कंपनीकडून पॉलिसीवर नवा नंबर चढवून घ्या. अपघात झाला आणि पॉलिसीवर जुनाच नंबर निघाला तर दाव्याला उशीर होतो. फास्टॅगवरचा नंबर बदला. आणि महाराष्ट्रात एकरकमी भरलेल्या करातला उरलेल्या काळाचा भाग परत मिळण्यासाठी पिंपरी-चिंचवडला अर्ज करा, सोबत नवी आरसी आणि उत्तर प्रदेशात कर भरल्याची पावती जोडा. ही रक्कम आपोआप येत नाही, मागावी लागते. पुष्कळ कुटुंबं ती मागतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. पुण्यात भाऊ किंवा मित्र असेल, तर त्याला अधिकारपत्र देऊन ठेवा, म्हणजे त्यासाठी तुम्हाला रजा काढावी लागणार नाही.