सोन्यावर काळी वाळू (गीता १४.२४)



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १४, श्लोक २४.

गेले तीन दिवस आपण अर्जुनाच्या प्रश्नावर आहोत. गुणातीत माणूस ओळखायचा कसा, तो वागतो कसा, हे त्याने २१ व्या श्लोकात विचारलं आणि २२ पासून भगवंतांचं उत्तर सुरू झालं. आज त्या उत्तरातला सगळ्यात प्रसिद्ध शब्द येतो, समलोष्टाश्मकाञ्चन. लोष्ट म्हणजे मातीचं ढेकूळ, अश्म म्हणजे दगड, काञ्चन म्हणजे सोनं. तिन्ही ज्याला सारखी, तो.

खरं सांगतो, हा शब्द मला कायम सोपा वाटत आलाय. पगार थेट खात्यात येतो, सोनं लॉकरमध्ये असतं, आणि ढेकूळ तर वर्षानुवर्षं हाताला लागत नाही. जे समोरच नाही ते सारखं मानायला काय जातं? मग या जूनमध्ये तिन्ही एकाच दिवशी एकाच हातात आली.

इथे कॅलिफोर्नियात हौशी सोनं शोधणाऱ्यांचे क्लब असतात. ऑफिसमधल्या एकाच्या नादाने मी अशाच एका क्लबात शिरलो. बहुतेक मेंबर निवृत्त, सरासरी वय पासष्टच्या पुढे. वर्षातून दोन-तीनदा नदीकाठी तंबू ठोकतात. आमचा कॅम्प नॉर्थ युबा नदीवर होता, डाऊनीव्हिलच्या अलीकडे, हायवे ४९ ला लागून. रस्त्याचा नंबरसुद्धा १८४९ साली सोन्यासाठी लोटलेल्या माणसांवरून दिलेला! त्याच्या आदल्या वर्षी, २४ जानेवारी १८४८ ला, कोलोमा इथे सटरच्या लाकूड-गिरणीच्या पाटात जेम्स मार्शलला सोन्याचे कण दिसले आणि सगळं सुरू झालं. (ज्याला पहिल्यांदा दिसले तो मार्शल १८८५ मध्ये कफल्लक अवस्थेत गेला. हे मला कॅम्पवरच कळलं.)

सोनं धुवायची कला मला वाटलं होतं तितकी परकी निघाली नाही. आपल्या आया तांदूळ रोळायच्या, आठवतंय? पाण्यात भांडं गोल हलवायचं, तांदूळ पाण्याबरोबर अलगद दुसऱ्या भांड्यात सोडायचे आणि खडे तळाशी राहू द्यायचे. अगदी तेच. फरक एवढाच की इथे वरचं फेकायचं आणि तळाचं ठेवायचं. सोन्याची घनता १९.३, साध्या गारगोटीची २.६५. म्हणजे सोनं साधारण सातपट जड. पॅन पाण्याखाली धरून नीट हलवलं की ते खाली बसतं आणि वरची रेती वाहून जाते. शेवटी उरते काळी वाळू, म्हणजे बरीचशी मॅग्नेटाइट. तीही जड असते, म्हणून ती सहज जात नाही. तिच्या शेपटाला सोनं दिसतं, दिसलं तर.

हे सगळं मला शिकवलं क्लबच्या एका आजोबांनी. सत्तरीतले, निवृत्त प्लंबर. नदीच्या वळणाला आतल्या बाजूला बघ, तिथे पाणी मंद होतं आणि जड माल टाकून जातं. मोठ्या दगडाच्या मागे बघ. तळाच्या खडकातल्या फटी उकर. चकाकणारं सगळं सावलीत धरून बघ. अभ्रकाची चमक सावलीत जाते, सोन्याची जात नाही. सुईने टोचलंस तर पायराइट फुटतं, सोनं नुसतं दबतं.

इथे थांबून श्लोकाकडे येऊ. ‘सम’ म्हणजे फरक न कळणं, असा एक गोड गैरसमज आपल्यात आहे. ज्ञानी माणसाला म्हणे सोनं आणि दगड वेगळे दिसतच नाहीत. मग तो ज्ञानी नव्हे, नेत्रतज्ज्ञाकडे जायला हवा! आजोबांना एका नजरेत फरक कळतो. आपल्याकडचे झारेकरी सराफाच्या दुकानातली धूळ आणि गटारातला गाळ धुऊन सोन्याचे कण काढतात, त्यांनाही कळतो. फरक डोळ्यांना कळावाच. प्रश्न आहे तो कळल्यावर आत काय होतं याचा. माझ्या आत काय झालं ते सांगतो.

शनिवारी सामाईक खोदकाम होतं. आम्ही चौदा जण. कोणी खणणार, कोणी चाळणार, कोणी बादल्या वाहून स्लूसमध्ये, म्हणजे वाहत्या पाण्यात ठेवलेल्या खाचांच्या पन्हळीत, रिकाम्या करणार. नियम एकच. दिवसभरात ज्याला जे सापडेल ते एकत्र, आणि रविवारी सकाळी सगळ्यांना सारखा वाटा.

दुपारी मी गुडघाभर पाण्यात एक फट स्क्रू-ड्रायव्हरने उकरत होतो. बर्फ वितळून आलेलं पाणी, पाय बधिर झालेले. गाळ पॅनमध्ये घेतला, हलवला, आणि काळ्या वाळूच्या कडेला मसुराच्या डाळीएवढा एक तुकडा दिसला. सावलीत धरला. चमक गेली नाही.

आजूबाजूला कोणी बघत नव्हतं. कण ओढून घ्यायला एक छोटी प्लास्टिकची बाटली असते, तिने तो आत घेतला. मग, आणि हा भाग लिहायला जड जातोय, वरून थोडी काळी वाळूही ओढून घेतली.

रात्री तंबूत बायकोने विचारलं, “काय रे, काही मिळालं की नाही?”

“काळी वाळू,” मी म्हणालो.

ती झोपली. मी नाही. तुकडा अर्ध्या ग्रॅमचा. आम्ही दोघं एकदा बाहेर जेवलो तर बिल त्याहून जास्त होतं. म्हणजे पैशाचा मोह म्हणावा तर तोही नीट बसत नाही. पडल्या पडल्या बचावाचे मुद्दे तयार होत होते. फट मी शोधली. बाकीचे तर गप्पा मारत होते. तिसऱ्या वर्षाच्या फीसाठी आईने पाटल्या गहाण टाकल्या होत्या, त्यातली एक परत आलीच नाही, आणि हे सोनं तिला द्यायचं. हा शेवटचा मुद्दा तर इतका सुंदर होता की क्षणभर माझे डोळे भरून आले. आईला यात ओढताना मला लाजही वाटली नाही.

आणि मग रांका-बांका आठवले. भक्तमाळेतलं पंढरपूरचं हे जोडपं, लाकडं विकून पोट भरणारं. रांका पुढे चालतोय, वाटेत त्याला सोनं पडलेलं दिसतं. मागून येणाऱ्या बायकोला मोह होऊ नये म्हणून तो पायाने त्यावर माती लोटतो. बांका येते आणि विचारते, काय करत होतात? तो सांगतो. तेव्हा ती म्हणते, मातीवर माती कशाला टाकत बसलात?

ही गोष्ट मी याच ब्लॉगवर दोनदा सांगितली आहे. दोन्ही वेळा मला बांकाचंच कौतुक होतं. त्या रात्री पहिल्यांदा रांकाकडे नीट बघितलं. तो विरक्तच आहे, सोनं उचलत नाही. पण त्याला ते अजून सोनं म्हणून दिसतंय, झाकण्याच्या लायकीचं वाटतंय. आणि माती तर त्याने बायकोसाठी लोटली. मी वाळू कोणासाठी ओढली होती? त्यात गंमत बघा, रोळायच्या नियमाने तुकडा केव्हाच बाटलीच्या तळाशी जाऊन बसला असणार.

श्लोकात या शब्दाच्या अगदी आधी कोणता शब्द आहे, बघितलंय का? ‘स्वस्थ’. आपण तो रोज वापरतो, “स्वस्थ बस ना जरा!” स्व मध्ये स्थित, आपल्या जागी असलेला. सहाव्या अध्यायात ८ व्या श्लोकात सोनं-दगडाचा हाच शब्द आलाय, तिथे आधी ज्ञान-विज्ञानाने ‘तृप्त’ असणं येतं. मी इतकी वर्षं सोन्यापासून सुरुवात करत होतो, की आधी सोनं सारखं मानायला शिकायचं, मग स्वस्थता येईल. श्लोकात स्वस्थ आधी येतो. शब्दांचा क्रम कधी छंदासाठीही असतो, हे मान्य. पण पहाटे तीन वाजता कूस बदलत पडलेल्या माणसाला हा क्रम डीबग लॉगसारखा वाचता येतो. गडबड कुठे आहे ते दिसतं. माझी गडबड तुकडा सापडायच्या आधीपासूनची होती. सगळ्यांच्या वाट्यात माझं काही वेगळं दिसणार नाही, ही बोच सकाळपासून होती.

उजाडल्यावर बायकोला सांगितलं. ती चिडली नाही, त्याचं जास्त लागलं. “मग देऊन ये की,” म्हणाली आणि स्टोव्ह पेटवायला गेली.

लाकडी टेबलावर वजनकाटा मांडलेला, सगळे कॉफी घेऊन जमलेले. मी बाटली आजोबांसमोर ठेवली. “हे काल माझ्याकडे राहिलं.”

त्यांनी बाटली उजेडात धरली. “राहिलं की ठेवलंस?”

“ठेवलं.”

ते काही बोलले नाहीत. बाटली पॅनमध्ये रिकामी केली, वाळू बाजूला काढली आणि तुकडा बाकीच्या सोन्यात ठेवला. एकूण भरलं साडेतीन ग्रॅम. चौदा कुप्या, प्रत्येकीत पाव ग्रॅम. मी माझी घेतली नाही तर बरं दिसेल, असा विचार मनात आला, आणि तोही दिसण्याचाच विचार आहे हे लगेच लक्षात आलं. घेतली. कुपी आता माझ्या देव्हाऱ्याशेजारी आहे. तिच्याकडे बघून मन सम वगैरे होत नाही, हेही सांगून टाकतो.

आजच्या श्लोकाच्या शेवटी निंदा आणि स्तुती सारखी मानणं आहे, तो भाग आज राहिला. पुढच्या कॅम्पची यादी परवा आली, त्यात माझं नाव नाही. चुकून राहिलं की ठेवलं नाही, ते मला माहीत नाही. उद्या २५ वा श्लोक, मान-अपमानाचा. तो लिहायला बसण्याआधी आजोबांना फोन करणार आहे.

रामकृष्णहरी.