कोणते शाहू महाराज?

महाडच्या एस.टी. स्टँडवर उभे राहून "अहो पांडुरंग!" अशी हाक मारा. चार माणसे मागे वळून पाहतील. गावात आपण यावर तोड काढतो. एक वरच्या आळीतला पांडुरंग, दुसरा खालच्या वाडीतला. पण पुस्तकात असे दोन पांडुरंग भेटले तर काय करावे?

एकदा पोलादपूरकडच्या एका गावी आम्ही रात्रीचा वर्ग घेत होतो. फळ्यावर साले लिहून आम्ही सांगू लागलो, "शाहू महाराज आपल्याच मुलखातले. जन्म माणगाव तालुक्यात, गांगवलीला. पुढे माणगावच्या परिषदेला ते आले आणि त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा गौरव केला."

मागे बसलेल्या एक बाई फळा वाचत होत्या. त्या म्हणाल्या, "गुरुजी, महाराज १७४९ साली वारले असं तुम्हीच लिहिलंय. मग १९२० साली परिषदेला आले कसे?"

वर्ग हसला. आम्ही मात्र ओशाळलो. चूक आमचीच होती. आम्ही दोन महाराजांचे एक महाराज केले होते!

आता नीट सांगतो.

पहिले शाहू महाराज हे संभाजी महाराजांचे पुत्र. जन्म १६८२, गांगवली. १६८९ साली रायगड मोगलांच्या हाती पडला. तेव्हा सात वर्षांचे शाहू आणि आई येसूबाई कैद झाले. औरंगजेब मेल्यावर, १७०७ साली शाहूंची सुटका झाली. ते साताऱ्याच्या गादीवर बसले. १७१३ साली त्यांनी श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथांना पेशवे नेमले.

दुसरे राजर्षी शाहू महाराज, कोल्हापूरचे. जन्म १८७४, कागलच्या घाटगे घराण्यात. नाव यशवंतराव. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेले आणि शाहू झाले. १९०२ साली त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखल्या. १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्याचा हुकूम काढला. १९२२ साली ते वारले.

आणि १९२० ची ती परिषद? तीही आपल्या शेजारच्या माणगावात झाली नाही. ते माणगाव कोल्हापूरकडचे, आजच्या हातकणंगले तालुक्यातले. माणसांसारखीच गावांचीही नावे जुळतात.

एकाचे काम दुसऱ्याच्या नावावर गेले, की दोघांवरही अन्याय होतो. म्हणून नाव वाचले, की साल आणि गावही वाचावे.

हे आपल्या घरच्या कागदांनाही लागू आहे. एकाच गावात एकाच नावाचे आणि आडनावाचे दोन खातेदार असू शकतात. तेव्हा सातबारा हाती आला, की वडिलांचे नाव, गाव आणि गट नंबर बोट ठेवून वाचा. बँकेच्या कागदावर खाते नंबर पाहा. सही त्यानंतर करा. आणि काही जुळत नसेल, तर त्या बाईंसारखे विचारा. समोर गुरुजी असोत की साहेब, विचारायला भिऊ नका.

अभ्यास

१. बाळाजी विश्वनाथांना पेशवे कोणत्या शाहू महाराजांनी नेमले?
२. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह मार्च १९२७ मध्ये झाला. तेव्हा राजर्षी शाहू महाराज हयात होते का? धड्यातले साल पाहून सांगा.
३. आपले पूर्ण नाव, गाव आणि तालुका वहीत लिहा.