घटक ४ : मानसशास्त्रीय संशोधनातील नीती – मिलग्रॅम यांचा प्रयोग

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपल्याला –
• मिलग्रॅम यांच्या प्रयोगाची रचना सांगता येईल.
• संमती, माघारीचा हक्क आणि मानसिक हानी यांविषयीचे आक्षेप स्पष्ट करता येतील.
• स्वतःच्या प्रकल्पात संमती कशी घ्यावी हे ठरवता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, परीक्षानळीतील द्रव्याला भीती वाटत नाही. मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत मात्र ज्याचा अभ्यास करायचा तो माणूसच असतो. म्हणून नीतीचा विचार हा संशोधनपद्धतीचाच भाग ठरतो. हे एका प्रसिद्ध प्रयोगाच्या आधारे पाहू.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ प्रयोगाची रचना

१९६१ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी आज्ञापालनाचा अभ्यास सुरू केला. जाहिरातीत मात्र तो स्मरणाचा अभ्यास असल्याचे म्हटले होते. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अहवालात २० ते ५० वयोगटातील ४० पुरुषांची नोंद आहे. प्रत्येकाला ‘शिक्षक’ हीच भूमिका मिळेल अशी चिठ्ठ्यांची योजना होती; ‘विद्यार्थी’ हा संशोधकाचा सहकारी होता. विद्यार्थी चुकला की शिक्षकाने त्याला विजेचा धक्का द्यायचा आणि दर चुकीला तो १५ व्होल्टने वाढवायचा होता. यंत्रावर ४५० व्होल्टपर्यंतची ३० बटणे होती. प्रत्यक्षात विद्यार्थ्याला एकही धक्का बसत नव्हता. ३०० व्होल्टला त्याने पलीकडून भिंत बडवली आणि पुढे उत्तरे देणे थांबवले. तरीही २६ जण, म्हणजे ६५ टक्के, शेवटच्या बटणापर्यंत गेले.

४.३.२ नैतिक आक्षेप

(अ) संमती : सहभागींनी होकार दिला तो वेगळ्याच अभ्यासाला.
(आ) माघारीचा हक्क : शिक्षक थबकला की प्रयोगकर्ता ठरावीक वाक्यांनी त्याला पुढे ढकलत असे. त्यांतील शेवटच्या वाक्यात दुसरा पर्यायच नसल्याचे सांगितले जाई.
(इ) मानसिक हानी : अनेकांना घाम फुटला, कंप सुटला, बोलणे अडखळू लागले.

१९६४ मध्ये डायना बॉमरिंड यांनी या प्रयोगावर टीका केली. उत्तरादाखल मिलग्रॅम यांनी पाहणीचा आधार दिला : उत्तर पाठवणाऱ्यांपैकी सुमारे ८४ टक्के सहभागींनी प्रयोगात भाग घेतल्याबद्दल समाधान व्यक्त केले होते. परंतु रुग्णाला न विचारता केलेली शस्त्रक्रिया यशस्वी झाली, तरी विचारण्याचे कर्तव्य उरतेच. नंतरचे समाधान आधीच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही.

दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. खरा हेतू आधीच सांगितला असता तर हा अभ्यास होऊ शकला नसता.

४.३.३ सुधारित रचना

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जेरी बर्गर यांनी यातून वाट काढली. त्यांनी वापरलेल्या आवृत्तीत १५० व्होल्टला विद्यार्थी प्रथमच सुटकेची मागणी करतो. मिलग्रॅम यांच्या त्या आवृत्तीत ही मर्यादा ओलांडणारे बहुतेक जण अखेरपर्यंत गेले होते. म्हणून बर्गर यांनी प्रयोग तेथेच थांबवला. सहभागींची आधी मानसिक तपासणी केली, केव्हाही थांबता येईल हे वारंवार सांगितले आणि प्रयोग संपताच सत्य उलगडले. ७० टक्के सहभागी त्यापुढे जाण्यास तयार होते. नीती पाळूनही मूळ प्रश्नाचा अभ्यास करता आला.

४.३.४ आपला प्रकल्प

मिलग्रॅम यांच्या निष्कर्षातच संमतीविषयी एक धडा आहे : अधिकारी व्यक्तीसमोर ‘नाही’ म्हणणे माणसाला फार जड जाते. आपण शिक्षक वा पर्यवेक्षक असाल आणि हाताखालच्या व्यक्तीला प्रश्नावली दिली, तर तिची सही ही संमती असेल की आज्ञापालन? अशा वेळी प्रश्नावली त्रयस्थ व्यक्तीमार्फत द्यावी, नाव विचारू नये आणि कोरी प्रत परत करण्याची मुभा स्पष्ट शब्दांत लिहावी.

४.४ सारांश

खरी संमती नकाराची वाट मोकळी असेल तेव्हाच मिळते. ती वाट प्रयोगाच्या रचनेतच ठेवणे ही संशोधकाची जबाबदारी आहे.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. मिलग्रॅम यांच्या प्रयोगावरील तीन नैतिक आक्षेप स्पष्ट करा.
२. बर्गर यांनी मूळ रचनेत कोणते बदल केले? का?
३. आपल्या प्रकल्पासाठी पाच ओळींचे संमतिपत्र तयार करा.