अळूच्या टोकाला लटकणारा थेंब

प्रश्न : आमच्या कुंडीतल्या अळूच्या पानांच्या टोकांवरून सकाळी पाणी ठिबकते. कुंडी खोलीत असते, तिथे दव पडत नाही. झाडाला काही रोग आहे का?

उत्तर : रोग नाही, उलट मुळे उत्तम काम करत असल्याची ही खूण आहे. याला बिंदुस्राव म्हणतात. दिवसा पानांवरची सूक्ष्म पर्णरंध्रे उघडी असतात आणि पाणी वाफ होऊन निघून जाते. रात्री ती बहुतेक मिटतात. मुळे मात्र थांबत नाहीत. ती क्षार आत ओढून जलवाहिन्यांत सोडतात, त्यांच्यामागे मातीतले पाणी शिरते आणि आत दाब वाढतो. तो दाब पाण्याला पानाच्या टोकाशी किंवा कडेला असलेल्या जलरंध्रांतून बाहेर ढकलतो. ही रंध्रे कायम उघडीच असतात. माती ओली, हवा दमट आणि रात्र वाऱ्याविना असली की थेंब जास्त दिसतात. गहू, भात, टोमॅटो, स्ट्रॉबेरी यांच्यावरही ते दिसतात. दव पानभर पसरते, हे थेंब मात्र ठरावीक जागीच येतात.

शिवाय हे निव्वळ पाणी नसते. त्यात क्षार आणि थोडी साखर असते, म्हणून थेंब वाळल्यावर कधी पांढरट डाग उरतो. खत जास्त झाले तर हेच क्षार साचून पानाचे टोक करपू शकते. झाडात भिनणारे कीटकनाशक दिले असेल, तर तेही या थेंबांत उतरते आणि ते पिणाऱ्या मधमाश्यांना घातक ठरू शकते. कुंडीची माती सतत चिंब राहत असेल, तर पाणी संध्याकाळऐवजी सकाळी द्या.