नव्या इंजिनाचे पहिले हजार किलोमीटर

म्हैसूर शहरातून पूर्वेकडे निघालेला एक रस्ता सुमारे पंचवीस किलोमीटरांवर बन्नूर या गावी पोहोचतो. हा सारा टापू कावेरीच्या पाण्यावर भिजणारा, भाताचा आणि उसाचा. आखूड पायांच्या, भरदार अंगाच्या मेंढ्यांसाठी बन्नूरचे नाव दूरवर ठाऊक आहे. सोमनाथपूरचे होयसळकालीन मंदिर पाहण्यास जाणारे प्रवासीही बहुधा येथूनच पुढे जातात. रस्ता वेगाचा नाही. वाटेत गावे लागतात, गतिरोधक लागतात, उसाने लादलेले ट्रॅक्टर आडवे येतात आणि क्वचित मेंढ्यांचा कळप सावकाश रस्ता ओलांडीत असतो. नुकतीच मोटार घेतलेल्या माणसाला असा रस्ता जाचक वाटतो. वास्तविक पहिल्या हजार किलोमीटरांसाठी त्याला याहून सोयीचा रस्ता सापडणे कठीण. असे का, हे समजण्यासाठी सिलिंडरच्या आत डोकावून पाहिले पाहिजे.

सिलिंडरमध्ये दट्ट्या वरखाली होत असतो. दट्ट्याच्या भोवती खाचांत धातूच्या लवचिक कड्या बसविलेल्या असतात. ज्वलनाने निर्माण झालेला वायू वरच्या बाजूस कोंडून ठेवणे आणि वंगण तेल वर चढू न देणे ही दोन्ही कामे या कड्यांची. सिलिंडरची आतील भिंत नुसत्या डोळ्यांना आरशासारखी दिसली, तरी ती मुद्दाम तशी गुळगुळीत ठेवलेली नसते. कारखान्यात शेवटच्या घासकामाच्या वेळी तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या सूक्ष्म रेषा कोरतात. या कामाला होनिंग म्हणतात. रेषांच्या खोलगट भागात तेल टिकून राहते; त्यांचे उंचवटे मात्र कडीच्या घर्षणाने झिजावेत अशीच अपेक्षा असते. उंचवटे झिजले आणि कडीची कड भिंतीच्या आकाराशी जुळली, म्हणजे दोहोंमधील फट मिटते. इंजिन रुळते ते असे. कारागिरांच्या बोलीत याला ‘रनिंग’ म्हणतात आणि ‘गाडी अजून रनिंगमध्ये आहे’ हे वाक्य गॅरेजात आजही ऐकू येते. घडणीचा हा अखेरचा टप्पा कारखान्यात पूर्ण होत नाही. तो गाडीच्या मालकाकडून रस्त्यावर पार पडतो.

कडी भिंतीवर कशाच्या जोरावर दाबली जाते, हा प्रश्न येथे महत्त्वाचा आहे. तिचा स्वतःचा ताण बेताचाच असतो. ज्वलनाच्या वेळी उच्च दाबाचा वायू कडीच्या मागील खाचेत शिरतो आणि तिला बाहेर लोटतो. इंजिनावर भार असेल तर हा दाब मोठा, भार नसेल तर अगदी थोडा. म्हणून नवी गाडी अतिशय जपून, नेहमी हलक्या पायाने चालविणाऱ्या मनुष्याचे इंजिन नीट रुळतच नाही. कडी भिंतीवरून नुसती घसरत राहते, उंचवटे कापले जाण्याऐवजी चकाकी धरतात, आणि खोलगट रेषांत अर्धवट जळलेल्या तेलाचा रोगणासारखा थर बसतो. असा थर एकदा बसला की पुढे कितीही काळजी घेतली तरी इंजिन तेल खात राहते आणि नळीतून निळसर धूर सोडते. मग सिलिंडर उघडून पुन्हा घासून घेण्यावाचून गत्यंतर नसते. अतिकाळजीचे हे नुकसान हयगयीच्या नुकसानीइतके प्रसिद्ध नाही, पण ते तितकेच खरे आहे.

हयगयीचे नुकसान उष्णतेतून येते. म्हैसूरला ‘आयडियल जावा’च्या कारखान्यात १९६० च्या दशकात चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्याने जावा मोटारसायकली तयार होऊ लागल्या. १९७३ पासून त्या येझदी या नावाने निघत आणि १९९६ साली हे उत्पादन थांबले. जावाच्या अडीचशे घन सेंटिमीटरच्या इंजिनात दट्ट्याचा व्यास ६५ मिलिमीटर होता. दट्ट्या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आणि सिलिंडर बिडाचा असेल, तर काय घडते ते पाहावे. अ‍ॅल्युमिनियम उष्णतेने बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. तपमान १०० अंशांनी चढले, तर शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा ६५ मिलिमीटरचा दट्ट्या सुमारे ०.१५ मिलिमीटरने फुगतो, सिलिंडर मात्र सुमारे ०.०७ मिलिमीटरनेच रुंदावतो. दट्ट्याची मिश्रधातू यापेक्षा थोडी कमी फुगते. तरीही राहिलेला फरक केसाच्या जाडीएवढा आहे. नव्या, न झिजलेल्या भागांत घर्षण अधिक, म्हणून उष्णताही अधिक. त्यातच गाडी पूर्ण वेगाने पळविली, तर दट्ट्या सिलिंडरमध्ये आवळला जातो आणि धावते इंजिन क्षणार्धात जाम होते. दुचाकीवर मागील चाक अशा वेळी एकाएकी अडते. स्वाराच्या दृष्टीने तो प्रसंग जिवावरचा असतो. म्हणूनच द्विधाव इंजिनांत रुळण्याच्या काळात पेट्रोलमध्ये तेलाचे प्रमाण नेहमीपेक्षा अधिक ठेवण्याची पद्धत पडली.

जुन्या मोटारींच्या बाबतीत ही बंधने फार कडक असत. प्रत्येक गियरमध्ये किती वेग ओलांडू नये याचे आकडे पुस्तिकेत छापलेले असत. इंग्लंडात तर ‘गाडी रुळत आहे, पुढे जावे’ अशा अर्थाची पाटी मागील काचेवर लावीत. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील फियाट आणि पद्मिनी या गाड्यांनी मुंबईत टॅक्सी म्हणून अफाट धाव घेतली. अशा टॅक्सीचे इंजिन झिजून बोअर करून घेतले की हा नवेपणाचा काळ मालकाच्या वाट्याला पुन्हा येई. आताच्या इंजिनांत होनिंगनंतरचे उंचवटे कारखान्यातच बऱ्याच अंशी छाटलेले असतात, भागांची मापे काटेकोर असतात आणि तेलेही सुधारली आहेत. त्यामुळे कालावधी उतरला. तो संपला मात्र नाही. बहुतेक पुस्तिका आजही पहिल्या हजार किलोमीटरांच्या आसपासची मर्यादा सांगतात. जेथे पुस्तिका आणि शेजाऱ्याचा सल्ला यांत विरोध येईल, तेथे पुस्तिका प्रमाण मानावी.

आता बन्नूरच्या रस्त्याकडे परत वळू. गाडी सुरू केल्यावर ती जागेवर दहा मिनिटे घुरघुरत ठेवण्याचे कारण नाही. त्या वेळी भार नसतो आणि पेट्रोल मात्र जळते. अर्ध्याएक मिनिटात निघावे आणि पहिले काही किलोमीटर शांतपणे जावे. इंजिन पुरते तापल्यावर मोकळा पट्टा मिळेल तेथे दुसऱ्या किंवा तिसऱ्या गियरमध्ये पॅडल अर्ध्यापर्यंत दाबून वेग ठामपणे वाढवावा, मग पाय उचलावा आणि गाडीला गियरमध्येच मंदावू द्यावे. वेग वाढताना कड्या दाबल्या जातात. मंदावताना सिलिंडरमध्ये निर्वात निर्माण होऊन थोडे तेल वर खेचले जाते आणि भिंती निवतात. गावे, गतिरोधक, ट्रॅक्टर आणि मेंढ्या हा क्रम आपोआप घडवून आणतात. मिनिटाला ६,००० फेऱ्यांची परवानगी असलेले इंजिन या काळात ४,००० च्या वर सहसा नेऊ नये. त्याचप्रमाणे वरच्या गियरमध्ये ते धापा टाकीत ओढावयास लावणेही तितकेच वाईट. याउलट २०२३ साली पूर्णत्वाने खुला झालेला बंगळूरु-म्हैसूर द्रुतगती मार्ग पहिल्या आठवड्यात टाळलेला बरा. तेथे तास-दीड तास एकाच वेगाने जाण्याचा मोह होतो, आणि एकाच वेगात कड्यांवरील दाब बदलत नाही.

नवी गाडी देवाला दाखविण्याची रीत सर्वत्र आहे; म्हैसूरकरांना त्यासाठी चामुंडी टेकडी जवळ आहे. इंजिन तापलेले असेल, गियर खालचा असेल आणि गाडी माणसांनी ठासून भरलेली नसेल, तर हा चढ बाधक होत नाही. उतरताना मोटारीला गियरमध्ये ठेवणे हितावह. पण द्विधाव मोटारसायकलीला तोच उपाय घातक ठरतो. तिचे वंगण पेट्रोलमधूनच येते. थ्रॉटल बंद करून उतार उतरला, तर इंजिन फिरत राहते आणि तेल मिळत नाही. म्हणून जुने स्वार उतारावरही थ्रॉटल अधूनमधून किंचित उघडीत.

नव्या ट्रॅक्टरला पहिल्याच दिवशी उसाची भरलेली ट्रॉली जोडू नये. तसेच त्याला तासन्‌तास रिकामा चालूही ठेवू नये. मध्यम भाराची नांगरट त्याला मानवते. टायर आणि ब्रेक यांनाही पहिले दोनतीनशे किलोमीटर लागतात, तोवर पुढील गाडीपासूनचे अंतर अधिक राखावे. हे विजेच्या मोटारीलाही लागू आहे, जरी तिला रुळविण्याजोगे असे इंजिन नसते.

तेलात घर्षण कमी करणारी औषधे या काळात मिसळू नयेत. कारण थोडे घर्षण येथे हवेच असते. तेलाची पातळी दर आठवड्याला सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटे गेल्यावर पाहावी आणि वहीत टिपून ठेवावी. आरंभी ती थोडी उतरते, पुढे स्थिर होते. तीनचार हजार किलोमीटरांनंतरही ती उतरतच राहिली, तर कड्या बसलेल्या नाहीत असा संशय घ्यावा आणि हमीची मुदत संपण्यापूर्वी ती वही घेऊन विक्रेत्याच्या कार्यशाळेत जावे.