इंधनाचे स्वामित्व आणि साहित्य : आयर्लंडचा एक दाखला

आयरिश साहित्याशी भारतीय वाचकाचा परिचय जुना आहे. इंग्रजी 'गीतांजली'ला येट्स यांनी १९१२ साली लिहिलेली प्रस्तावना ही त्या परिचयाची सुरुवात मानली, तरी त्याला शतकाहून अधिक काळ लोटला. येट्स, सिंग, जॉईस, बेकेट, हीनी ही नावे आपल्या अभ्यासक्रमांत स्थिरावली आहेत. मात्र या साहित्यातील एक गोष्ट आपण वाचताना सहसा ओलांडून जातो. पश्चिम आयर्लंडच्या कथा-नाटकांतून घराच्या मध्यभागी जी शेगडी सतत पेटलेली दिसते, तिच्यात काय जळत आहे, ते कोठून आले आणि ते कोणाचे होते, हा प्रश्न आपण विचारत नाही. प्रस्तुत लेखात तो विचारावयाचा आहे. आयर्लंडमध्ये देशी इंधनाचा आग्रह जुना आहे. पण 'देशी' म्हणजे नेमके कोणाचे, याचे उत्तर प्रत्येक इंधनागणिक बदलत गेले. टर्फ साहित्यात सहजपणे आले, वायू तसा आला नाही, आणि आला तेव्हा प्रथम साक्षीच्या रूपाने आला. या भेदाचे मूळ स्वामित्वाच्या स्वरूपात आहे, असे मला वाटते.

परिभाषेबद्दल येथेच एक खुलासा करणे इष्ट. मराठीत 'घरगुती वायू' म्हटले की स्वयंपाकघरातील सिलिंडर डोळ्यांसमोर येतो, आणि 'देशी' म्हटले की देशात निपजलेला माल. इंग्रजीत या दोन्ही कल्पनांना एकच विशेषण पुरते. आयरिश राजकारणात या संदिग्धतेचा लाभ बहुतेक सर्वच पक्षांनी घेतला आहे. आपल्या भाषेने ही फोड आधीच करून ठेवली आहे, हा अभ्यासकाला अनायासे मिळालेला फायदा होय.

प्रश्नाचा जुना अवतार कोळशाचा आहे. जोनाथन स्विफ्ट यांनी १७२० साली आयरिश मालाचा पुरस्कार करणारी जी पुस्तिका लिहिली, तीत इंग्रजी माल जाळण्याच्या गोष्टीतून कोळसा तेवढा वगळणाऱ्या एका उक्तीचा उल्लेख आहे. ही उक्ती पुढे दोन शतके आयरिश राजकारणात फिरत राहिली. तिच्यातील उपरोध उघड आहे: बहिष्काराची होळी पेटवायची तर तीही परक्याच्या कोळशावर! १९३२ ते १९३८ या काळात ब्रिटनशी चाललेल्या आर्थिक युद्धातही हीच अडचण पुढे आली, आणि १९३५ मध्ये आयरिश गुरांच्या बदल्यात ब्रिटिश कोळसा असा करार उभय सरकारांनी केला. दुसऱ्या महायुद्धात कोळशाची आवक आटली तेव्हा डब्लिनच्या फीनिक्स पार्कमध्ये टर्फचे प्रचंड ढीग रचावे लागले. ऊर्जासुरक्षा हा शब्द तेव्हा प्रचारात नव्हता. वस्तू मात्र होती.

टर्फ म्हणजे दलदलीतून विटांसारखे कापून उन्हावाऱ्यात वाळवलेले पीट. त्यावरील हक्क हा जमिनीच्या मालकीहून निराळा असू शकतो. एखाद्या कुटुंबाला अमुक दलदलीतील अमुक पट्ट्यात कापणी करण्याचा वहिवाटीचा हक्क असतो, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या चालतो. 'वहिवाट' या शब्दात मराठी वाचकाला जे जे ऐकू येते, म्हणजे वापराने सिद्ध होणारा, शेजाऱ्यांच्या संमतीने टिकणारा आणि कागदापेक्षा स्मरणावर भिस्त ठेवणारा हक्क, ते जवळजवळ सर्व येथे लागू पडते. शेमस हीनी यांच्या १९६६ च्या पहिल्या संग्रहातील 'डिगिंग' या कवितेत टर्फ कापणारे आजोबा येतात. ते केवळ ग्रामीण चित्र म्हणून येत नाहीत. नातवाने लेखणीवर सांगितलेल्या हक्काचे ते दाखले आहेत. १९६९ च्या 'बॉगलँड'मध्ये दलदल ही समाजाच्या स्मृतीचे कोठार होते, आणि १९७५ च्या 'नॉर्थ'मध्ये तीच दलदल प्राचीन बळींची शरीरे वर्तमानातील हिंसेसमोर आणून ठेवते. हीनी उत्तर आयर्लंडचे, म्हणजे राजकीयदृष्ट्या दुसऱ्या राज्याचे. पण दलदलीने ती सीमा मानलेली नाही.

हाच टर्फ राष्ट्राचाही झाला. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या टर्फ विकास मंडळातून १९४६ मध्ये 'बोर्ड ना मोना' हे सरकारी महामंडळ निर्माण झाले, आणि त्याचे नाव हेतुपूर्वक आयरिश भाषेत ठेवले गेले. यंत्रांनी मैलोन्‌मैल दलदल सोलून काढली, पीटवर वीजकेंद्रे चालवली. कुटुंबाचे 'आपले' आणि राज्याचे 'आपले' यांत विरोध नव्हता असे नव्हे, परंतु दोन्हींना एकच शब्द, एकच वास आणि एकच धूर होता. त्यामुळे एकातून दुसऱ्यात जाणे कल्पनेला अवघड गेले नाही.

विजेच्या बाबतीत साहित्याने प्रारंभीच शंका नोंदवली होती. शॅनन नदीवरील आर्डनक्रुशा येथील जलविद्युत केंद्र जर्मन कंपनी सीमेन्सच्या साहाय्याने १९२९ मध्ये सुरू झाले. दोनच वर्षांत डेनिस जॉन्स्टन यांचे 'द मून इन द यलो रिव्हर' हे नाटक ॲबी रंगभूमीवर आले. नव्या राज्यातील वीजकेंद्र, ते उभारणारा जर्मन अभियंता आणि ते उडवू पाहणारे बंडखोर यांच्यातील वाद जॉन्स्टन यांनी सोडवून दाखवलेला नाही. पुढच्या काळात तेल-वायूवर लिहिणाऱ्यांनी हे नाटक पुन्हा वाचावयास हवे होते.

आता वायूकडे वळू. कॉर्क परगण्याच्या किनाऱ्यासमोर किन्सेल हेड येथे १९७१ मध्ये मॅरेथॉन या अमेरिकन कंपनीस वायू सापडला. १९७६ मध्ये वायूवितरणासाठी सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९७८ पासून वायू किनाऱ्यावर येऊ लागला. त्यातून खत बनले, वीज बनली. १९७३ च्या तेलसंकटाने सर्वत्र भय पसरले होते. त्या वातावरणात १९७५ मध्ये उद्योगमंत्री जस्टिन कीटिंग यांनी परवान्यांच्या अटी निश्चित केल्या. व्यापारी प्रमाणावर साठा सापडल्यास राज्याला निम्म्यापर्यंत भागीदारी घेता यावी, शिवाय रॉयल्टी आणि कर मिळावा, अशी तरतूद त्यांत होती. पुढील दशकात मोठे साठे सापडले नाहीत आणि १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले. १९८७ मध्ये मंत्री रे बर्क यांच्या काळात रॉयल्टी आणि राज्याची भागीदारी दोन्ही रद्द झाली. १९९२ मध्ये कराचा दर २५ टक्क्यांवर आणला गेला आणि शोधाचा खर्च त्यातून वजा करण्याची मुभा मिळाली. कंपन्या आल्याच नाहीत तर शून्यातला अर्धा वाटा घेऊन काय करायचे, हा समर्थकांचा युक्तिवाद अगदीच पोकळ म्हणता येणार नाही. परंतु परिणाम असा झाला की समुद्राखालचे इंधन कायद्याने राष्ट्राचे आणि व्यवहाराने परवानाधारकाचे ठरले. 'आपले' हे विशेषण तेवढे जाहीर भाषणांत उरले.

नावांकडे पाहिले तर हे अधिक स्पष्ट होते. सागरी क्षेत्रांना आणि विहिरींना किनाऱ्यावरची नावे देण्याची प्रथा आहे. २०१३ मध्ये 'डनक्विन' नावाची एक विहीर खोदली गेली. व्यापारी साठा हाती लागला नाही. डनक्विन हे ब्लास्केट बेटांसमोरचे गाव, पेग सेअर्स यांचे जन्मस्थान. ज्यांचे आत्मकथन आयर्लंडच्या शाळांतून पिढ्यांनी वाचले, त्यांचे गाव समुद्रतळावरच्या नकाशात असे उमटले. ब्रायन फ्रील यांच्या १९८० च्या 'ट्रान्स्लेशन्स' नाटकातील ब्रिटिश मोजणीदार आयरिश नावे इंग्रजीत फिरवतात. येथे नाव फिरवले गेले नाही, नुसते उचलले गेले.

या सर्व धाग्यांची गाठ पडते ती मेयो परगण्याच्या वायव्य टोकास, एरिस या भागात. येथे १९९६ मध्ये किनाऱ्यापासून ८३ किलोमीटरवर वायूक्षेत्र सापडले आणि त्याला 'कॉरिब' हे नाव मिळाले. ती नदी आणि ते सरोवर मात्र दक्षिणेकडच्या गॉलवेकडील. एरिसचा काही भाग आयरिशभाषक आहे. सिंग यांनी या प्रदेशातून प्रवास केला होता आणि १९०७ चे त्यांचे गाजलेले नाटक मेयोच्याच किनाऱ्यावर घडते. त्याहून जुनी कथा लिरच्या मुलांची: सावत्र आईच्या शापाने हंस झालेली ही चार भावंडे नऊशे वर्षे भटकतात, आणि त्यांतील शेवटची तीनशे एरिसच्या समुद्रात काढतात. थोरल्या बहिणीचे नाव फिनूला.

कच्चा, प्रक्रिया न झालेला वायू वस्तीजवळून वाहिनीने नेऊन आत बेलानाबॉय येथील दलदलीत उभारलेल्या केंद्रात शुद्ध करावयाचा, अशी योजना होती. वाहिनीचा मूळ आराखडा ३४५ बार दाबाचा होता. म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या तीनशेहून अधिक पट. पुढे २००६ मध्ये सरकारने करवून घेतलेल्या तपासणीनंतर तो १४४ बारपर्यंत मर्यादित करण्याची शिफारस झाली. शेल कंपनीने २००२ मध्ये हा प्रकल्प आपल्याकडे घेतला होता. खाजगी कंपनीच्या वाहिनीसाठी सक्तीने जमिनीत प्रवेश देण्याचे आदेश निघाले. न्यायालयाचा मनाई हुकूम असूनही रॉसपोर्टच्या पाच जणांनी कंपनीला अडवले, आणि २९ जून २००५ रोजी ते तुरुंगात गेले. ते ९४ दिवस आत होते.

त्यानंतरचे पुस्तक हे माझ्या मते या प्रकरणातील महत्त्वाचे साहित्यिक दस्तऐवज आहे. २००६ मध्ये मार्क गॅरव्हन यांनी त्या पाच जणांची व त्यांच्या पत्नींची निवेदने 'अवर स्टोरी' या नावाने संपादित केली. हे लिहिलेले पुस्तक नव्हे, बोललेले आहे. वायूबद्दल ते विशेष बोलत नाहीत. बोलतात ते जमिनीबद्दल, ती वाडवडिलांनी कशी कसली त्याबद्दल. सप्टेंबर २००३ च्या अतिवृष्टीत जवळच्या डोंगरउतारावरून दलदल घसरून खाली आली होती, त्या भूमीची अस्थिरता त्यांच्या अंगवळणी पडलेली होती. टर्फच्या वहिवाटीतून आलेले ज्ञान दाबाच्या आकड्यांसमोर साक्षीला उभे राहिले, असे या पुस्तकाचे वर्णन करता येईल. हीनींच्या कवितेत जे ज्ञान वारसा म्हणून येते, ते येथे पुरावा म्हणून येते, आणि पुराव्याची उलटतपासणी होते. वर्गात हे दोन पाठ शेजारी ठेवले की विद्यार्थी प्रथम कवितेच्या बाजूने असतात. दुसऱ्या तासाला ते तितके निःशंक नसतात.

या प्रकरणाला एक पुरवणी आहे. वायूकेंद्राची जागा मोकळी करण्यासाठी बेलानाबॉय येथून सुमारे साडेचार लाख घनमीटर पीट उचलून बोर्ड ना मोनाच्या मालकीच्या दलदलीवर नेऊन टाकण्यात आले. म्हणजे जुने देशी इंधन हा नव्या देशी इंधनाचा भराव ठरला. पुढे खाडीखालून सुमारे पाच किलोमीटरचा बोगदा खणण्याचे ठरले. त्यासाठी आणलेल्या यंत्राचे नाव ठेवले गेले फिनूला. २०१२ मध्ये ते अवजड यंत्र एरिसच्या अरुंद रस्त्यावर अडकून पडले. नाटककार डोनल ओ'केली यांनी यावर 'ऐलिलू फिनूला' हे एकपात्री नाटक रचले, आणि पुराणातील फिनूलेला कंपनीच्या माणसासमोर उभे केले. शापित हंसिनीचे नाव पोलादी यंत्राला देणाऱ्यांना आपण काय करीत आहोत हे ठाऊक होते की नाही, कोण जाणे. नाटककाराला ते ठाऊक होते. वायूवर येथे साक्षीपलीकडचे साहित्य निर्माण झाले, ते वायूतून नव्हे, उसन्या घेतलेल्या नावातून.

अमिताव घोष यांनी १९९२ मध्ये अब्दुलरहमान मुनीफ यांच्या कादंबरीमालेचे परीक्षण करताना असे म्हटले होते की तेलाच्या व्यवहाराने मसाल्यांच्या व्यापाराच्या तोडीचे साहित्य निर्माण केले नाही, आणि त्याची काही कारणे त्यांनी तेलप्रदेशांच्या बहुभाषिक, मुळे नसलेल्या वस्तीत शोधली होती. भारतीय अभ्यासकांत हा विचार बराच रुजला आहे. एरिसचा दाखला त्याला जोडून घेताना थोडी दुरुस्ती लागते. येथे वस्ती मुळे धरून होती, भाषा होती, पुराणकथाही होती. तरी वायूला स्वतःची प्रतिमा मिळाली नाही. कारण तो कोणाच्याच हाताला लागत नव्हता. टर्फ कापणाऱ्याला त्याचे वजन ठाऊक असते. वायू फक्त परवान्यात, नळीत आणि बिलात असतो. अशा वस्तूचे साहित्य शोधावयाचे तर ते सुनावण्यांत, प्रतिज्ञापत्रांत आणि नावांच्या भांडणांत शोधावे लागेल.

कॉरिबचा वायू ३० डिसेंबर २०१५ रोजी वाहू लागला आणि काही काळ देशाच्या गरजेच्या निम्म्याहून अधिक भागला. किन्सेल २०२० मध्ये बंद पडले. कॉरिबही आता ओसरत असून उरलेला बहुतेक वायू स्कॉटलंडमधून समुद्राखालच्या वाहिन्यांनी येतो. ब्रिटन युरोपीय संघाबाहेर गेल्यामुळे ही वाहिनी राजकीयदृष्ट्याही परदेशी झाली. २०२१ च्या कायद्याने तेल-वायूच्या शोधाचे नवे परवाने थांबले. युक्रेनवरील २०२२ च्या आक्रमणानंतर जुना वाद पुन्हा पेटला. कॉर्कसमोरच्या बॅरीरो तेलक्षेत्राला २०२३ मध्ये पुढील परवानगी नाकारली गेली, ती अर्जदारांच्या आर्थिक क्षमतेच्या मुद्द्यावर. पण दोन्ही बाजूंनी वाद घातला तो 'आपल्या' तेलाचाच. त्याच वर्षी देशातील विजेपैकी २१ टक्के वीज एकट्या माहितीकेंद्रांनी वापरली, हा आकडा त्या वादात दोन्ही बाजू आपापल्या सोयीने उद्धृत करीत. मार्च २०२५ मध्ये सरकारने आणीबाणीसाठी राज्याच्या मालकीचा तरंगता वायूसाठा उभारण्यास मान्यता दिली. त्यात साठवला जाणारा वायू आयात केलेला असेल. 'आपले' असेल ते जहाज.

आणि टर्फ? बोर्ड ना मोनाने पीट काढणे कायमचे थांबवल्याचे २०२१ मध्ये जाहीर केले. २०२२ मध्ये धुराच्या कारणास्तव टर्फच्या विक्रीवर निर्बंध आले तेव्हा ग्रामीण भागांतून इतका गदारोळ झाला की नियमांत वहिवाटदारांना वेगळे ठेवावे लागले: त्यांनी स्वतःसाठी कापावे, शेजाऱ्याला द्यावे, दुकानात मात्र विकू नये. एरिसमध्ये आजही उन्हाळ्यात ढीग रचलेले दिसतात.