‘डिप्लोमॅट’ म्हणजे नेमकं कोण?

‘डिप्लोमॅट’ला मराठी शब्द विचारला की वर्गातून हमखास उत्तर येतं, “सर, राजदूत!” उत्तर चूक नाही, पण अपुरं आहे. प्रत्येक राजदूत डिप्लोमॅट असतो. प्रत्येक डिप्लोमॅट मात्र राजदूत नसतो.

मूळ ग्रीक शब्द ‘डिप्लोमा’, म्हणजे दुमडलेला कागद. असे अधिकृत कागद हाताळणं, त्यांवरून दोन राज्यांचे व्यवहार चालवणं, यातून पुढे ‘डिप्लोमॅट’ हा शब्द आला.

मराठीत त्यासाठी तीन शब्द लक्षात ठेवा.

१) राजनैतिक अधिकारी : परदेशात आपल्या देशाचं प्रतिनिधित्व करणारा अधिकारी. ‘डिप्लोमॅट’चा हाच नेमका अर्थ.

२) राजदूत : दूतावासाचा प्रमुख. राष्ट्रकुलातल्या देशांत, उदा. ब्रिटनमध्ये, भारताच्या या प्रमुखाला ‘उच्चायुक्त’ म्हणतात.

३) मुत्सद्दी : हे पद नव्हे, गुण आहे. नाना फडणवीस मुत्सद्दी होते, राजदूत नव्हते.

आपल्या इतिहासात हे काम ‘वकील’ करत. १६५९ मध्ये अफझलखानाकडे शिवाजी महाराजांचे वकील म्हणून पंताजी गोपीनाथ गेले होते. तिथे ‘वकील’ म्हणजे कोर्टातला वकील समजू नका! अष्टप्रधान मंडळात परराज्यांचा व्यवहार सुमंत, म्हणजेच डबीर, पाहत.

आणखी एक चूक हिंदीमुळे होते. ‘राजनीतिक दल’ वाचून मुलं मराठीत ‘राजनैतिक पक्ष’ लिहितात. बरोबर शब्द ‘राजकीय पक्ष’. मराठीत राजकीय म्हणजे राजकारणाचं, राजनैतिक म्हणजे दोन देशांमधल्या व्यवहाराचं.

बोलताना आपण म्हणतो, “तो फार डिप्लोमॅटिक आहे.” म्हणजे हो नाही, नाही पण नाही! पण गोलमोल बोलणं म्हणजे मुत्सद्देगिरी नव्हे. समोरच्याला न दुखावता आपलं म्हणणं ठामपणे मांडणं, ही खरी मुत्सद्देगिरी. संबंध ताणले तरी बोलणं सुरू राहावं लागतं. म्हणून तर १९६१ च्या व्हिएन्ना करारानुसार यजमान देश राजनैतिक अधिकाऱ्याला परत पाठवू शकतो, अटक करू शकत नाही. निरोप आणणाऱ्यालाच धोका असेल, तर निरोप आणणार कोण?

स्वाध्याय : ‘राजकीय’, ‘राजनैतिक’ आणि ‘मुत्सद्दी’ हे शब्द वापरून प्रत्येकी एक वाक्य लिहा.